तुरळक ठिकाणी

माझं हे बोलणं सुरू व्हायच्या आधी तुम्ही बातम्या ऐकल्या असतील आणि बातम्यांच्या शेपटाला हवामानाचा अंदाजही ऐकला असेल. ऐकला असेल म्हणजे कानावर पडला असेल. हवामानाचा अंदाज सहसा कुणी ऐकत नाही. बातम्या संपल्या, आता उठायला हरकत नाही, एवढं कळण्यापुरता त्याचा उपयोग. आमचे अब्बा मात्र तो ऐकायचे. हाताने सगळ्यांना गप्प करून ऐकायचे आणि संपला की रेडिओ बंद करून अंगणात जाऊन आभाळाकडे बघायचे. रेडिओवर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही. पण कुठल्याही गोष्टीला दोन साक्षीदार असलेले बरे, असं त्यांचं म्हणणं.

आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं. त्यामुळे अंदाजातलं आमचं वाक्य ठरलेलं असायचं. आधी कोकण आणि गोव्याचा मान. तिथे बहुतेक सर्व ठिकाणी पाऊस. मग मध्य महाराष्ट्र, तिथे बऱ्याच ठिकाणी किंवा काही ठिकाणी. आणि शेवटी, पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्याला तळाची भाजी वाढावी तसं, ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस पडण्याची शक्यता आहे.’ हे इतक्या वेळा ऐकलं की, ‘तुरळक’ हे मराठवाड्याचं आडनाव असावं असं मला लहानपणी वाटायचं.

मी पुढे मराठी घेऊन बी.ए. झालो, कविता लिहायला लागलो, शब्दांचे अर्थ लावण्यात हयात गेली. तरीही ‘तुरळक’ म्हणजे बारीक, चार थेंबांचा पाऊस, असंच मी समजत होतो. पन्नाशी जवळ आली तेव्हा कळलं की या शब्दाचा पावसाच्या जोराशी काही संबंधच नाही. तो पावसाचा नव्हे, ठिकाणांचा हिशेब आहे. एखाद्या विभागात पाऊस मोजणारी जी केंद्रं आहेत, त्यांतल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस झाला तर तो तुरळक ठिकाणी. पाव ते निम्म्या केंद्रांवर झाला तर काही ठिकाणी. निम्म्याहून पुढे पाऊण भागापर्यंत बऱ्याच ठिकाणी आणि त्याच्या पुढे बहुतेक सर्व ठिकाणी. म्हणजे एका गावात आभाळ फाटलं, ओढा घरात शिरला, म्हैस वाहून गेली आणि आसपास कोरडं राहिलं, तरी खात्याच्या दफ्तरी तो तुरळकच. म्हैसवाल्याला हे पटवून द्यायला जाऊ नये.

आणि हे काही मराठवाड्यापुरतं नाही. २६ जुलै २००५ या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला झाला सुमारे ७३ मिलिमीटर. शहर एक, दिवस एक, आभाळही म्हटलं तर एकच. त्या दिवशी ‘मुंबईत पाऊस कसा आहे?’ या प्रश्नाला दोन खरी उत्तरं होती आणि दोन्ही देणारे एकमेकांना खोटारडे म्हणू शकले असते.

उपग्रहाची आणि माझी ओळख १९८४-८५ च्या सुमाराला झाली. आमच्या ग्रामपंचायतीत टीव्ही आला. बातम्यांच्या शेवटी उपग्रहाने काढलेलं भारताचं चित्र दाखवायचे. काळ्या पाटीवर देशाची बाह्यरेषा आणि तिच्यावर इकडेतिकडे पांढरे पुंजके. सगळं गाव त्या चित्रात आपलं गाव शोधायचं. आमच्या नात्यातले एक चाचा पिंजारी होते, गाद्या-रजया भरायचे. त्यांनी ते चित्र दोन दिवस नीट बघितलं आणि तिसऱ्या दिवशी निकाल दिला, ‘पिंजणाऱ्याला काम येत नाही. वर वर कापूस बरा दिसतोय, पण मधे गाठी राहिल्यात.’ सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याकडे मी पुन्हा येणार आहे.

हे उपग्रहाचं प्रकरण सुरू झालं तोच दिवस मोठा मजेचा आहे. हवामान बघणारा जगातला पहिला यशस्वी उपग्रह, टायरॉस-१, अमेरिकेने सोडला तो १ एप्रिल १९६० रोजी. एक एप्रिल! लोकांनी पुढे काय काय म्हणायचं ते म्हणून घ्यावं, याची सोय त्यांनी पहिल्याच दिवशी करून ठेवली. आपला इन्सॅट-१ए १९८२ मध्ये गेला आणि काही महिन्यांतच निकामी झाला. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी गेला, तो टिकला. ग्रामपंचायतीतले पुंजके त्याच्या काळातले. मग २००२ च्या सप्टेंबरमध्ये खास हवामानासाठी म्हणून एक उपग्रह गेला. त्याचं नाव आधी मेटसॅट. पुढच्या फेब्रुवारीत कोलंबिया यानाच्या अपघातात कल्पना चावला गेली आणि तिच्या स्मरणार्थ उपग्रहाचं नाव ‘कल्पना-१’ ठेवलं गेलं. नाव ठेवण्यामागचं दुःख खरं होतं. पण आमच्याकडच्या कट्ट्यावर एक जण म्हणालाच, ‘चला, आता अंदाज म्हणजे कल्पना आहे हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं.’

असं का बोलतात लोक? कारण २००२ चा पावसाळा सगळ्यांच्या लक्षात होता. त्या वर्षी अंदाज होता साधारण सरासरीइतक्या पावसाचा. प्रत्यक्षात जुलै महिन्यात देशभर मिळून सरासरीच्या निम्माच पाऊस झाला आणि हंगामाचा आकडा ८१ टक्क्यांवर थांबला. ज्या सोळा घटकांच्या गणितावर तो अंदाज बेतला होता, ते गणितच पुढच्या वर्षी बदलावं लागलं. २००९ मध्ये पुन्हा तोच प्रकार. एप्रिलमध्ये ९६ टक्के म्हणाले आणि झाला ७८ टक्के. एवढं झाल्यावर हवामान खात्यावर विनोद करायला कवी असण्याचीही गरज नव्हती. मी तर कवी होतो. मी त्या खात्यावर एक लांबलचक विडंबन रचलं आणि गावोगावच्या कविसंमेलनांत त्यावर दणकून टाळ्या घेतल्या. खातं छत्री म्हणालं की टोपी घालून निघावं, असा त्याचा एकूण मतलब. नंतर नंतर माझी गंभीर कविता संपायच्या आतच लोक ‘ते पावसाचं म्हणा’ असं ओरडायचे.

या विनोदाला आमच्याकडे जुनी परंपरा आहे. मोसमी पावसाचा हंगामी अंदाज सरकार १८८६ पासून देतंय, म्हणजे हसण्याचा कार्यक्रमही तितकाच जुना धरायला हरकत नाही. १९०४ मध्ये या खात्याचा प्रमुख म्हणून गिल्बर्ट वॉकर नावाचा इंग्रज आला. तो होता गणिती, हवामानाशी त्याचा आधी संबंध नव्हता. केंब्रिजमध्ये त्याची प्रसिद्धी बूमरँग फेकण्याबद्दल होती. मी हे वाचलं तेव्हा म्हटलं, माणूस अगदी योग्य निवडला. अंदाज लांब फेकावा आणि तो फिरून आपल्याच कपाळावर बसावा. पण वॉकरने वीस वर्षं जगभरातले हवेच्या दाबाचे आकडे कारकुनांकडून घोटून घेतले आणि पॅसिफिक महासागराच्या दोन टोकांना हवेचा दाब झोपाळ्यासारखा वर-खाली होतो, हे शोधून काढलं. मान्सूनचं भाकीत त्याला काही नीट जमलं नाही. पण तिकडे पेरूच्या किनाऱ्याजवळ समुद्र तापला की इकडे आमच्या औसा-निलंग्याला सोयाबीन का वाळतं, याची पहिली वाट त्याने दाखवली. त्या तापण्याला एल निनो म्हणतात हे आता आमच्या गावातलं पोरही सांगतं. वॉकरच्या काळात खात्याचं मुख्यालय सिमल्याला होतं, ते १९२८ मध्ये पुण्यात आलं. म्हणून पुण्यात शिवाजीनगरला आजही सिमला ऑफिस आहे. एप्रिलच्या दुपारी त्या चौकात उभं राहून ही पाटी वाचावी. हवामान खात्याला विनोदबुद्धी नाही असं कुणी म्हणू नये.

२०१७ मध्ये तर बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातले शेतकरी थेट पोलिसांत गेले. अंदाजावर विसंबून पेरलं, पाऊस आला नाही, पेरणी वाया गेली, म्हणून हवामान खात्याविरुद्ध तक्रार. वर्तमानपत्रात ही बातमी आली तेव्हा बऱ्याच जणांना मौज वाटली. जमादाराने पंचनामा कशाचा केला असेल, ढगाला फरार दाखवलं असेल का, असे प्रश्न मला चार जणांनी विचारले. पावसावर विनोद करणारा माणूस म्हणून माझी ख्यातीच होती. मला हसू आलं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या पेरणीबद्दल आमच्या घरी कुणी अशी फिर्याद दिली असती, तर आरोपी मीच होतो.

ते सांगतो.

आमची पाच एकर जमीन माझे थोरले भाऊ करतात. आम्ही त्यांना भाईजान म्हणतो. शाळा सातवीत सोडली, पण आभाळाचं वाचन पक्कं. आमच्याकडे कॅलेंडरं दोन असतात. रमजान, ईद, मोहरम चंद्रावर चालतात आणि दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतात. पेरणी मात्र सूर्याच्या नक्षत्रांवर, म्हणजे मृग, आर्द्रा, पुनर्वसू. मृगाला यंदा वाहन कोल्हा आहे की बेडूक, हे अब्बा पाडव्याला गावातल्या जोशीबुवांकडे जाऊन ऐकून यायचे आणि घरी येऊन अम्माला सांगायचे. बेडूक असला तर अम्मा खूश. भाईजान हे सगळं शिकलेले. मी शहरात नोकरीला, हातात नवा कोरा स्मार्टफोन आणि त्यात इन्सॅट-३डीचं दर अर्ध्या तासाला बदलणारं चित्र. (हा उपग्रह २०१३ मध्ये सोडला, तारीख २६ जुलै. कुणाला तरी २००५ आठवलं असणार.) मे महिना लागला की भाईजानचा फोन यायचा, ‘क्या रे बाबू, तेरा उपग्रह क्या बोलरा?’ त्यात थट्टा किती आणि चौकशी किती, हे मला कधी नीट कळलं नाही.

२०१५ साल. २ जूनला हवामान खात्याने सुधारित अंदाज दिला, सरासरीच्या ८८ टक्के. म्हणजे दुष्काळाची सरळ सरळ सूचना. तो इतका वाईट होता की खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनीच, हा अंदाज खोटा ठरो अशी प्रार्थना करू या, असं सांगितलं होतं. मी मनात म्हटलं, प्रार्थनेची काय गरज आहे, तो खोटा ठरणारच. माझं अख्खं विडंबन त्याच सिद्धान्तावर उभं होतं. आणि जून लागला तोही असा, की माझी बाजू खरी. दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला, ओढ्याला पाणी आलं. भाईजान थांबले होते. त्यांच्या बांधावर एक सरळ कडांचा पत्र्याचा डबा आहे, त्यात साचलेलं पाणी ते पट्टीने मोजतात. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नये, असं कृषी खातं सांगतं आणि या बाबतीत अब्बाही तेच सांगायचे, फक्त ते मिलिमीटरऐवजी वीत म्हणायचे. ओल वीतभर गेली पाहिजे. भाईजान म्हणाले, ‘अजून अर्धीच गेली आहे.’

त्या रात्री मी फोनवर चित्र बघितलं. सगळा मराठवाडा पांढराशुभ्र. लातूर कुठे, धाराशिव कुठे, काही दिसेना, नुसतं पांढरं. मी रात्री दहाला फोन लावला आणि एखादा साहेब बोलतो तसा बोललो, ‘भाईजान, उद्या-परवा धो धो येणार. आता पेरलं नाही तर चिखलात तिफण चालायची नाही. मी डोळ्यांनी बघतोय.’ पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, ‘तू पढालिखा है. देखता हूँ.’

दोन दिवसांत त्यांनी पाचही एकरांत सोयाबीन पेरलं. त्याच आठवड्यात रमजानचा चांद दिसला आणि १९ जूनला रोजे सुरू झाले. माझा पांढराशुभ्र ढग मराठवाड्यावरून गेला. पाच-दहा मिनिटं रिमझिम करून गेला.

काय झालं होतं, ते मी नंतर एका जाणकाराकडून समजून घेतलं. आपण ढगाला खालून बघतो, म्हणजे त्याचं पोट बघतो. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवरून त्याचं डोकं बघतो. आणि पाऊस पडतो पोटातून. रात्री उजेड नसतो, म्हणून उपग्रह ढगाच्या माथ्याची उष्णता मोजतो. माथा जितका थंड, म्हणजे जितका उंच, तितका चित्रात पांढरा. आता पाण्याने गच्च भरलेला, जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर चढलेला ढग पांढरा दिसतोच, पण इतक्याच उंचीवर पसरलेला बर्फकणांचा पातळ पडदाही पांढराच दिसतो. त्या पडद्यातून शेतापर्यंत काही पोचत नाही. तो नुसता पिंजलेला कापूस. पाऊस असतो तो मधल्या गाठींत. जाणकाराने ‘गाठी’ हा शब्द उच्चारला आणि मला आमचे पिंजारी चाचा आठवले. तीस वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीत अख्ख्या गावात त्यांनी एकट्यानेच चित्र बरोबर वाचलं होतं आणि आम्ही हसलो होतो.

आणखी एक हिशेब त्याने मला दिला. रात्रीच्या त्या चित्रातला सगळ्यात बारीक ठिपका म्हणजे जमिनीवरचे चार किलोमीटर लांब, चार किलोमीटर रुंद. एकरात केलं तर जवळजवळ चार हजार एकर. भाईजानच्या शेतासारखी आठशे शेतं त्या एका ठिपक्यात बसतात. आणि मी म्हणालो होतो, डोळ्यांनी बघतोय.

उगवण चांगली झाली, हेच वाईट झालं. अर्ध्या ओलीवर रोपं वर आली, चार पानांची झाली आणि मग खंड पडला. जुलै कोरडा ठक्क. रोज ऊन. भाईजान रोजा धरून कोळपं घालायचे, कारण कोळपल्याने ओल थोडी टिकते. गावात धोंडी निघाली, पोरांच्या अंगावर घरोघर पाणी ओतलं गेलं, तेही मोजून. आमच्या मशिदीतल्या लोकांनी माळावर पावसासाठीची खास नमाज पढली. उपग्रहाचं चित्र मी रोज बघत होतो. आता ते काळं होतं आणि ते काळं वाचायला कुणा जाणकाराची गरज नव्हती.

मी ईदसाठी गावी गेलो. १७ जुलै, एकोणतिसावा रोजा. एरवी पावसाळ्यात ईद आली की चांद बघण्याची मोठी फजिती असते. आभाळ भरलेलं, सगळे गच्चीवर, कुणाला ढगाच्या फटीत चांद दिसतो, कुणाला दिव्याचा खांब. मग हैदराबादला फोन, मुंबईला फोन. मी लहान असताना विचारायचो की एवढा उपग्रह ढगांच्या वर जाऊन बसलाय, तर त्यालाच का विचारत नाहीत? आता कळतं, त्याचं तोंड खाली आमच्याकडे असतं, चांद त्याच्या पाठीमागे आणि त्याच्यापेक्षाही दहापट लांब. त्या संध्याकाळी यातलं काहीच करावं लागलं नाही. मगरिबची अजान झाली आणि चांद समोर. बारीक, स्वच्छ, धुतल्यासारखा. सगळ्यांना एकदम दिसला. पोरंसुद्धा ओरडली नाहीत. भाईजाननी दुआसाठी हात वर केले, तोंडावरून फिरवले आणि म्हणाले, ‘इतना साफ.’ बस, एवढंच.

बकरी ईदसाठी भाभीने दोन बोकड पोसले होते. ईद झाल्यावर पहिल्या बाजारात ते विकले आणि तूर-सूर्यफुलाचं बियाणं आणलं. सगळेच जनावरं विकायला काढत होते, त्यामुळे भाव पडलेला. मी पैसे देऊ केले. भाईजाननी घेतले नाहीत. रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पुढे तूर थोडीफार हाती आली, सूर्यफूल गेलं. देशाचा हंगाम ८६ टक्क्यांवर संपला. खातं ८८ म्हणालं होतं. आयुष्यभर मी ज्याला हसलो, ते खातं नेमकं त्या वर्षी बरोबर होतं आणि त्याचं न ऐकणाऱ्यांत मी पहिला होतो. पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने प्यायचं पाणी आलं.

ते विडंबन मी त्यानंतर म्हटलेलं नाही. लोक अजून मागतात. मी पाठ राहिलं नाही म्हणतो.

याचा अर्थ उपग्रह फसवा आहे, असं म्हणण्याइतका मी कृतघ्न नाही. ओडिशात १९९९ चं महाचक्रीवादळ आलं तेव्हा दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन नावाचं तसंच भयंकर वादळ त्याच किनाऱ्यावर आलं, पण ते समुद्रात असतानाच दिवसचे दिवस त्याच्यावर नजर होती. सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवलं. मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. उघड्या समुद्रावर ना डबा असतो ना जोशीबुवा. तिथे वरून बघणाराच लागतो. पण वाचलेल्या माणसांची बातमी होत नाही आणि त्यांच्यावर विडंबनही रचता येत नाही. आमचा विनोदाचा धंदा सगळा चुकलेल्या अंदाजावर चालतो.

आता भाईजानकडेही स्मार्टफोन आहे. पुतण्याने त्यात विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ ॲप घालून दिलंय. ते वाजलं की भाईजान झाडाखालून उठतात आणि शेजारच्या बांधावरच्यांनाही हाका मारून उठवतात. पावसाचा अंदाज ते ऐकतात, उपग्रहाचं चित्र बघतात, मग डब्यात पट्टी घालतात आणि मग ढेकूळ उकरून हात आत घालतात. साक्षीदार दोनाचे चार झाले आहेत. मला मात्र ‘तेरा उपग्रह क्या बोलरा’ असं ते आता विचारत नाहीत. ती थट्टा होती की चौकशी, हे कळायची सोय गेली.

काल मीच त्यांना फोन केला. म्हटलं, ‘भाईजान, उद्या रेडिओवर माझं भाषण आहे, पावसावर आहे.’ ते म्हणाले, ‘आमच्याकडे लागतं का ते स्टेशन? मागच्या वेळी नुसती खरखर होती.’ मी म्हटलं, ‘लागेल, शक्यता आहे.’ पलीकडे जरा थांबून ते मोठ्याने हसले आणि भाभीला सांगताना मला ऐकू आलं, ‘तुरळक ठिकाणी लागेल म्हणतोय.’